सीटखालची कॉफीची पुडी

ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू ऐकतोस कमी आणि हसतोस जास्त, म्हणून पत्र. लहानपणी पायाला भिंगरी लावल्यासारखा पळायचास म्हणून नाव पडलं. आता हे वाचून होईपर्यंत तरी एका जागी बस.

तुझ्या दाजींची नोकरी गेली. मालकांच्या मुलाला स्वतःच गाडी चालवायची हौस आली. बावीस वर्षं त्या मोठ्या काळ्या गाडीचं चाक यांच्या हातात होतं. आता जेवायला बसले तरी उजवा पाय ब्रेक शोधत असतो. तशीच एक जुनी गाडी घ्यायची आणि लग्नाला, विमानतळाला भाड्याने चालवायची असं मनात आहे. सात वर्षं वापरलेली एक इथल्या डीलरकडे आहे, नवीच्या चौथाई किमतीत मिळते. बघून आल्यापासून घरात तिचंच कौतुक चाललंय. मी तिला सवत म्हणते.

पैसे म्हणजे माझा शिलाईचा गाळा विकून. यांनी मागितला नाही, मीच म्हटलं. पण म्हटल्यापासून टाका सरळ पडत नाही. तू रोज असल्याच गाड्यांत वावरतोस. मला बरं वाटावं म्हणून नको, खरं काय ते लिही.

तुझी काळजी आहे ती आहेच, तू फक्त खुशाली कळवत जा.

तुझी ताई


ता. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बसून.

आमच्या यार्डात वापरलेल्या भारी गाड्या येतात, मी त्या आतून साफ करतो आणि एखादी विकली की कधी कधी पोचवूनही येतो. अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी एवढं मला कळतं. दाजींना सांग, तुम्ही बावीस वर्षं गाडी चालवली पण बिल एकदाही बघितलं नाही, ते ऑफिसात जायचं. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा चारा काही स्वस्त होत नाही. पुढचा हवेवरचा एक शॉकअब्सॉर्बर गेला तर त्या पैशात तुझी दोन नवी मशीनं येतील. टायर, विमा, गिअरबॉक्सचं तेल, चावी हरवली तर चावीसुद्धा खिशाला चटका लावते. आणि पार्टची वाट बघत गाडी पंधरा दिवस गॅरेजात उभी राहते, तोवर लग्नवाला थांबत नाही.

तरी घ्यायचीच असेल तर संध्याकाळी सपाट जागी उभी करायला लावा आणि सकाळी बघा हवा उतरून कुठला कोपरा खाली बसलाय. इंजिन गार असताना चालू करा. डीलरने आधीच तापवून ठेवलं असेल तर बॉनेटला हात लावल्यावर कळतं. सर्व्हिसच्या पुस्तकातले शिक्के एका दिवशी, एकाच हाताने मारल्यासारखे नकोत. चाव्या दोन हव्यात. गिअर बदलताना हिसका नको.

माझं बरं चाललंय. मालक मला जादूगार म्हणतो. गाडीला छान वास यावा म्हणून मी सीटखाली कॉफीच्या पुड्या ठेवतो. फाटक्या शर्टाच्या शिवतो आणि तू शिकवलीस ती दोरा आत लपवायची गाठ मारतो. दार उघडलं की गिऱ्हाईकाचं नाक वर होतं. तुझी शिलाई कुठवर पोचली बघ.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो आणखी मुरू दे.

तुझा
भिंगरी


ता. २ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी खिशात घालून नेलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून तपासणी केली. डीलर म्हणाला, असं एक गिऱ्हाईक रोज आलं तर मी दुकान बंद करून झोपा काढीन. सकाळी चारही कोपरे जागच्या जागी होते. इंजिन गार होतं, शिक्के वेगवेगळे, चाव्या दोन. तरी चाऱ्याचं वाचल्यापासून मी मनातून माघार घेतली होती.

पण मी मागे बसून सीटची शिवण बघत होते, सवयीने. हात खाली गेला तर एक पुडी लागली. निळ्या चौकड्याचं कापड, ज्या शर्टाची बाही मी उलटी लावली होती आणि तू तसाच घालून हिंडलास, त्याचं. आणि गाठ आपली. एवढ्या लांबून तुझ्या हातची गाडी आमच्याच दारी आली. मला रडू आवरेना. यांना म्हटलं, माझ्या भावाचा हात लागलेली गाडी आहे, आता खर्चाचं काय ते बघून घेऊ, मी चार कपडे जास्त शिवीन. त्याच दिवशी विसार दिला. गाळ्याचे कागद चौदाला होतील, बाकीची रक्कम पंधराला.

पहिल्या फेरीला तुला घ्यायला येऊ. तोवर अंगाला जप, एवढं माझं ऐक.

तुझी ताई


ता. ७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर पैसे देऊ नका एवढंच बोललो. दाजींनी का म्हणून विचारलं तसा फोन ठेवून दिला. तोंडाने जमत नाही ते लिहितो.

निळ्या चौकड्याच्या पुड्या मी एकाच गाडीत ठेवल्या होत्या. ती पुरात बुडालेली गाडी होती. पाणी सीटच्या वर गेलेलं. मी सीटा काढल्या, गालिचा धुतला, सगळं आठ दिवस उन्हात ठेवलं, फटीतला चिखल दात घासायच्या ब्रशने काढला. वास जाईना. गाडी विकायच्या आधी पुड्या काढायच्या असतात, पण काढल्या की वास परत यायचा, म्हणून मालक म्हणाला राहू दे. मग ती ट्रेलरवर चढवून तुमच्या बाजूच्या डीलरला दिली.

मागच्या पत्रात सगळ्या तपासण्या लिहिल्या, बुडालेली गाडी ओळखायची एकच लिहिली नाही. विसरलो नव्हतो. ती लिहिली असती तर मी काय काम करतो तेही लिहावं लागलं असतं, आणि तू जादूगार वाचून खूश व्हावंस असं मला वाटत होतं.

आता लिहितो. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. तिथवर माझा ब्रश पोचला नाही, पाण्याची रेघ दिसेल. पाणी शिरलेल्या गाडीच्या वायरी आतून गंजत जातात. आज सगळं चालेल. सहा महिन्यांनी डॅशबोर्डचे दिवे आपोआप लागतील, काचा आपोआप उतरतील, आणि एक दिवस नवरा-नवरीला घेऊन भर रस्त्यात उभी राहील. गॅरेजवाले हात लावणार नाहीत. गाळाही जाईल आणि गाडीही.

कोणी सांगितलं असं डीलरने विचारलं तर खुशाल माझं नाव घ्या.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

भिंगरी


ता. १६ मे

चि. भिंगरीस,
अ. आ.

यांनी बेल्ट ओढला. शेवटच्या वीतभरात मातीची रेघ होती, मी कापडावर खडूने मापाला मारते तशी सरळ. डीलरने विचारलं, हे कुणी शिकवलं. हे म्हणाले, बावीस वर्षं गाडी चालवलीय. तो म्हणाला, हे यार्डातल्याच माणसाला ठाऊक असणार, त्याचं नाव सांगा, विसार परत देतो. त्याला तुझ्या मालकाशी भांडायला तेवढंच हवं होतं. यांनी सांगितलं नाही. विसार गेला, गाळा राहिला. हे आता शाळेच्या सुट्टीतल्या शिबिराची बस चालवतात. पोरं यांना ड्रायव्हरकाका म्हणतात ते आवडलेलं दिसतंय.

पुडी मी उसवली. गाठ सोडवायला वेळ लागला, चांगली मारली होतीस.

मला तुझा राग आलाय की कीव, ते मलाच कळत नाही. एकच विचारते. मला लिहून कळवणारा भाऊ होता. अशा बाकीच्या गाड्या ज्यांनी घेतल्या, त्यांना कोण आहे?

आशीर्वाद दिलेले आहेत, ते काही परत घेता येत नाहीत.

ताई


ता. २९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम सोडलं. घरसामान हलवणाऱ्या टेम्पोवर लागलोय. पाठ दुखते, पण हाताला वास येत नाही.

बुडालेल्या गाड्या मी नऊ धुतल्या. तुमची सोडून आठ. त्यातल्या पाच मीच पोचवल्या, ती दारं आठवतात. एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला खुर्ची देऊन पाणी दिलं होतं आणि गाडीभोवती तीनदा फिरले होते. त्यांच्या दाराशी दोनदा जाऊन परत आलो. तोंडाने मला जमत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून त्या सगळ्यांना पत्र लिहायला घेतलंय.

सीटबेल्ट ओढून बघा तिथपासून पुढचं सगळं तयार आहे. खाली माझं खरं नाव घालणार आहे, पत्त्यासकट. पण पहिल्याच ओळीला अडलोय. मला घरचीच पत्रं लिहिता येतात. ती. लिहावं तर ते माझे कोणी लागत नाहीत, आणि प्रिय कुठल्या तोंडाने लिहू. ज्यांना फसवलं त्यांना मायना काय घालतात, तेवढं कळव.

उत्तर येईपर्यंत एका जागी बसलोय.

तुझा
भिंगरी