कडाक्यातलं मीठ

खाणवस्ती, लॅब्राडोर
११ जानेवारी १९६४

ती. आजीस,
गार्लंडचा नमस्कार. वि. वि.

मासेमारी बसली म्हणून इथे आलो, पण मीठ काही पाठ सोडत नाही. खाणीकडे चढणाऱ्या रस्त्यावर मीठ टाकायचं काम मिळालंय. मुकादम मॅकॅल्पिन म्हणतो, ईस्टरपर्यंत रस्ता चालू ठेवलास तर तुला कायम करतो, घरही देतो. म्हणजे व्हर्नाला आणि एफीला बोलावून घेता येईल. नाही जमलं तर घरची वाट धरायची.

डिसेंबरात मीठ टाकलं की तासाभरात बर्फाचं पाणी व्हायचं. आता पारा शून्याखाली वीसवर बसलाय आणि मीठ टाकलं तसं पडून राहतं. कॉड मासा खारवताना टाकतो तसं मी टाकतो, मधे जाड, शेपटीकडे विरळ. ते बघायला मुकादमाने सगळ्यांना बोलावून घेतलं. तुझा जन्म मिठात गेला. काही सुचतंय का?

व्हर्नाला सांग, मोजे पोचले. एफीची पापी घे.

तुझा गार्लंड


गॅनेट कोव्ह, न्यूफाउंडलंड
२० जानेवारी

चि. गार्लंड यास,
आजीचा आशीर्वाद. लिहिणारी तुझी बायको, बोलणारी मी. चुका तिच्या, शहाणपण माझं.

एफीला दोन दात आले. धारेला कसे आहेत ते तिने माझ्या बोटावर बघितलं. दिवसभर माझ्या मांडीवर असते आणि आईने हाक मारली की बहिरी होते.

मिठाचं काय सांगायचं, बाबा? मीठ ते मीठ. जास्त टाकून बघ. तरी नाही जमलं तर घरी ये. इथल्या कॉडने मिठाला कधी नाही म्हटलेलं नाही. तुझी होडी डांबरून ठेवायला सांगितलीय.

पोटभर जेव. इकडची काळजी करू नकोस, ती करायला मी आहे.

तुझी आजी


खाणवस्ती
२ फेब्रुवारी

ती. आजीस,
नमस्कार. वि. वि.

तू सांगितलंस तसं दुप्पट टाकलं. दोन दिवस नुसतं पडून होतं. मंगळवारी ऊन आलं, हवा एकदम उबदार झाली, तसं ते सगळं मीठ जागं झालं आणि चढावरून पाणी वाहायला लागलं. ते खालच्या वळणावर साचलं. संध्याकाळी पारा पुन्हा कोसळला आणि वळणाची काच झाली. कामगारांची बस घसरून हिमाच्या ढिगात शिरली. मॉरिस म्हणून एकजण आहे, त्याचा हात मोडला.

मुकादम म्हणाला, आणखी एक गाडी घसरली तर माझी पेटी तो स्वतः भरून देईल. व्हर्नाने हे वाचताना घाबरू नये. पण मला काही सुचत नाही.

गार्लंड


गॅनेट कोव्ह
११ फेब्रुवारी

चि. गार्लंड यास,
आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी वेड घेऊन पेडगावला गेले होते. आता नीट ऐक.

मीठ म्हणजे विस्तव नव्हे. बर्फावर जी जराशी ओल असते तिच्यात ते विरघळतं. ते खारं पाणी साध्या पाण्यासारखं लगेच गोठत नाही, म्हणून ते खालचा बर्फ चाटत जातं. आपलं तळं नाताळात गोठतं आणि बंदर फेब्रुवारीत, ते त्याचमुळे. पण आधी ओल हवी. कडाक्यात बर्फ हाडासारखा कोरडा असतो. गोठलेल्या माशावर मीठ खड्यासारखं बसून राहतं, ते तू पाहिलंयस. आणि थंडी फारच वाढली की खारं पाणीही हात टेकतं.

तेव्हा थंडी जरा उतरली तरच मीठ टाक, तेही हात राखून, आधी ओलसर करून. कडाक्यात मिठाला शिवू नकोस. वाळू घे, कढत पाण्यात कालव आणि फेक. ती बर्फात रुतते आणि तिथेच गोठते, मग चाकाला धर मिळतो. विहिरीच्या वाटेवर मी चाळीस वर्षं हेच केलं. तू म्हणायचास, आजीने वाळूची लापशी केली.

हे ऐकून व्हर्नाने लेखणी खाली ठेवली. मला हे जानेवारीत माहीत होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, होतं. एफी माझ्या मांडीवरच होती. व्हर्नाने लेखणी पुन्हा उचलली आणि म्हणाली, पुढे सांगा.

पुढे काही नाही. त्या मॉरिसच्या हाताचं पाप माझं.

तुझी आजी


खाणवस्ती
३० मार्च

ती. आजीस,
नमस्कार. वि. वि.

कायम झालो. महिनाभरात एकही गाडी घसरली नाही. मॅकॅल्पिन लापशी ढवळायला दोन माणसं देतो आणि युक्ती आपलीच असल्याचं सांगत फिरतो. मॉरिसला मी खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या आजीने सल्ला दिला असता तर पाय मोडला असता.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळालंय. व्हर्ना आणि एफीने पहिल्या बोटीने निघावं. तूही ये. जानेवारीचं मी काही विचारत नाही.

गार्लंड


गॅनेट कोव्ह
२६ एप्रिल

चि. गार्लंड यास,
आशीर्वाद.

मी येत नाही. समुद्र नाही अशा गावात सकाळी उठून बघायचं काय? व्हर्नाची बांधाबांध झाली. हे पत्र ती पेटीवर टेकून लिहितेय. एफीला भात्यासारखा खोकला येतो, पण तो खोटा असतो. लक्ष दिलं नाही की थांबतो. दोघींना त्या चढाने वर नेशील तेव्हा आधी स्वतः चालून बघ.

यापुढे माझी पत्रं पाद्रीबुवा लिहितील. सज्जन माणूस आहे. मी काही म्हटलं तरी तो गोड करूनच लिहील. सही म्हणून फुली तेवढी माझ्या हातची असेल. ती कागद फाटेल इतकी दाबलेली दिसली, तर समज की बरंच काही गाळलंय.

आजी