चिंधीला बांधलेली चावी

आपा, तुमच्या बोटांच्या पेरांचा टाकीवरचा आवाज आज सकाळपासून कानातून जात नाही. ठण्, ठण्, ठण्, आणि मग एकदम ढब्. ढब् वाजलं की तिथपर्यंत डिझेल. काटा नसलेल्या लॉरीची टाकी तुम्ही अशी वाजवून सांगायचात, आणि मी शाळेतून येऊन, दप्तर न उतरवता, त्या ठेक्यावर पाठ केलेली कविता म्हणायचो. तुम्ही वर न बघता म्हणायचात, "मी टाकी मोजतंय मां? तुझ्या कवितेत चार लीटर चुकतले."

आता तुमचा हा मुलगा तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढे गेला. साखळी गावातलं हे घर तेच, बाजूची आपली गॅरेजची शेड तीच. फक्त आज मी आत आहे आणि दाराला बाहेरून कडी आहे. सुनेने घातली. वाईट नाही ती. गेल्या महिन्यात मी कविता आठवत आठवत घरातून निघालो तो पाळी गावाच्या रस्त्याला एका पुलाच्या कठड्यावर बसलेला सापडलो. तेव्हापासून मुलाने बजावलं होतं, "शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, बाबा. विसरता तुम्ही." तरी काल सून कामाला गेल्यावर मी पाय ठेवला. संध्याकाळी तिला माझ्या नखांत ग्रीस दिसलं. म्हणून आज कडी. "तुमच्याच बऱ्याक," म्हणाली, आणि पेजेवर ताट झाकून गेली.

ग्रीस कशाचं ते मी तिला सांगितलं नाही. काल चंदगडकडचा तो पिकअपवाला आला होता. चोर्ल्याच्या घाटाने बेळगावहून भाजी आणतो, जाताना इथून नारळ भरतो. बायको नेहमी शेजारच्या सीटवर. मुलाच्या ओळखीचा. "मामा, एक जादा टाकी बसवून द्या की. घाटात पंप नाही, नि मला धीर नाही." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि होय म्हणालो. चॅसीला दोन लोखंडी अँगल जोडले, पट्ट्या आवळल्या, नळी मोठ्या टाकीला नेली, मध्ये उघडबंद करायचा कॉक बसवला. आपा, दोन तास मी म्हातारा नव्हतो. तो जॅकजवळ उकिडवा बसून म्हणाला, "मामा, तुमी गुणगुणताय, का इंजिन?" नदीवरची कविता होती, पाचवीतली. शेवटचं कडवं आठवत नव्हतं.

त्या कडव्यापायी सगळं झालं.

टाकीला हवेची नळी लागते, हे तुम्ही मला बाराखडीसारखं शिकवलंत. डिझेल बाहेर जायला हवा आत यायला हवी. "टाकी श्वास घेता रे. तिचो गळो आवळू नको." पण ग्राइंडर चालवताना लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून त्या नळीत चिंधी कोंबायची, लाल, आणि गाडीची चावी काढून त्या चिंधीलाच बांधायची. चिंधी निघाल्याशिवाय चावी नाही, चावीशिवाय गाडी नाही. असा नेम दुसऱ्या कुठल्या गॅरेजात मी पाहिला नाही. काल चिंधी कोंबली, पण चावी गाडीतच होती. त्याच्या बायकोला गाणी ऐकायची होती. म्हटलं, राहू दे, लक्षात ठेवतो.

काम झालं की चिंधी टांगायचा शेडमधला खिळा आज सकाळी खिडकीतून दिसला. त्यावर चिंधी नाही, म्हणजे ती नळीतच राहिली. तो पहाटेच नारळ भरून घाटाला लागला असणार. मोठी टाकी संपली की कॉक उघडेल, आणि नवी टाकी थेंब देणार नाही. चढावर इंजिन गेलं की ब्रेकही जड होतो.

फोन टेबलावर आहे. पिकअपवाल्याचा नंबर माझ्याकडे नाही, मुलाकडे आहे. मुलाला लावला तर गाडी थांबेल. आणि शेडला कुलूप पडेल, वेल्डिंगचा सेट विकला जाईल, आणि ही कडी रोजची होईल. तीनदा फोन उचलला. तीनदा खाली ठेवून ही वही ओढली. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उचलत नाही.

तुम्हाला ती खनिजाची लॉरी आठवते, चावीचा नेम केलात त्याच्या आधीची? चढावर बंद पडली, मागे सरकत गेली आणि मातीच्या बांधाला टेकली म्हणून वाचली. मालक शेडमध्ये येऊन ओरडत होता. मी बाकड्यामागे पुस्तक धरून उभा. तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "चूक माझी. चिंधी नळीत माझ्या हातसून रवली." मी पान उलटलं. संध्याकाळी भंगारातून आणलेलं, पुठ्ठा नसलेलं कवितांचं पुस्तक तुम्ही माझ्यापुढे ठेवलंत. "घे. पण आदी चिंधी काड, मागीर कविता म्हण." बस्स, एवढंच. मार दिला असता तर मी कबूल झालो असतो, आपा. पुस्तक दिलंत, मग कसा होणार?

कडी वाजतेय. सुनेची वेळ नाही ही.

तोच आहे. पिकअपवाला. शर्ट घामाने भिजलेला, हातात कॅन. "मामा, तुमाला कोंडून कोण गेलं?" मी काही बोलायच्या आत तोच सांगत सुटला. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी बंद पडली. चाकांना दगड लावलेत, बायको आत बसलीय, हा उतरणाऱ्या टिपरमधून खाली आला. "पंपावरचं डिझेलच खराब दिलंय बघा. तुमच्या कामात काय खोट असणार? इथून कॅनभर दुसरं नेतो, चढतोच वर."

मला काही बोलायचीही गरज नाही, आपा. सुटलो होतो मी.

तो माठातलं पाणी पितोय, तोवर हे उभ्यानेच लिहितो. त्या लॉरीची चिंधी मी विसरलो होतो. तुम्हाला ते ठाऊक होतं, हेही मला ठाऊक होतं. त्याने पेला पालथा ठेवला. आता त्याला सांगतो, मग मुलाला फोन.