शेत पोरीचं, सही माझी

३० ऑक्टोबर
रेडिओवर बजेट ऐकलं. शेतीलाही आता वारसा कर. बाप गेला की पोरांनी आधी सरकारचा वाटा काढून द्यायचा. राडनोरच्या या डोंगरावर आम्ही चार पिढ्या मेंढ्या राखल्या, त्या यासाठी? संतापून चहा अर्धा टाकून उठलो. नंतर येऊन प्यायलो. गार होता. तोही सरकारमुळेच.
निश्चय: कायदा मागे घेतल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. वय सत्त्याहत्तर असलं तरी आवाज शाबूत आहे.
नेस्टा म्हणाली, बाबा, शेत आत्ताच माझ्या नावावर करा. पुढे सात वर्षं जगलात की कर लागतच नाही. एकेचाळिशीची झाली, पण समज कमी. म्हटलं, पोरी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ नोव्हेंबर
गावच्या हॉलमध्ये सभा. रोमच्या जमीन कायद्यांपासून सुरुवात केली. नॉर्मन राजांपर्यंत आलो तेव्हा पहिली रांग डुलत होती. विचारात बुडाली असावी. शेवट मात्र जबरदस्त झाला. 'ही जमीन आपली नाही! आपण ती मुलांसाठी फक्त सांभाळतो आहोत!' लोक उभे राहिले.
शेजारच्या एम्रिसने विचारलं, एल्विन, मग यंदा एडका तरी नेस्टाला निवडू देणार का? हशा पिकला. चळवळीत असे लोक लागतातच.

१९ नोव्हेंबर
लंडनचा मोर्चा. बसने गेलो, कारण ट्रॅक्टर नेस्टाला कामाला हवा होता. माझ्या फलकावर तिचा लहानपणीचा फोटो, कोकराला बाटलीने दूध पाजताना. टीव्हीवाल्या बाईने विचारलं, मुलगी कुठे आहे? म्हटलं, घरी. मेंढ्यांना चारा कोण घालणार? हे दाखवलं नाही.

१४ जानेवारी
नेस्टा जेवताना म्हणाली, बाबा, मला भागीदार करा. कुंपणाचा खांब घ्यायचा तरी तुमची सही लागते. दुकानदार मला विचारतो, वडील बरे आहेत ना?
म्हटलं, घाई काय आहे? माझ्या वडिलांनी चेकबुक शेवटपर्यंत उशीखाली ठेवलं. मला मिळालं तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. माझं काही बिघडलं?
ऑल्वेन बटाटे वाढत होती. बायकोने अशा वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. तिने नेस्टाला एक बटाटा जास्त वाढला.

२ मार्च
ऐतिहासिक दिवस. पोरीला स्वतः काय दिलंस, असं सभांमधून लोक फार विचारतात, म्हणून वरचं रान नेस्टाच्या नावावर करून दिलं. वकीलबाई मिसेस हॉवेल्स साक्षीला. छोटंसं भाषण केलं. मेंढ्या व्यायला लागल्यात, म्हणून नेस्टा मध्येच उठून गेली. भावना अनावर झाल्या असणार.
ऑल्वेन म्हणाली, अहो पुढारी, ती निव्वळ दलदल आहे. तिथे बेडूकसुद्धा राहायला कुरकुर करतात.
माझ्या मेंढ्या अर्थात तिथेच चरतात. कुठे जातील बिचाऱ्या?

११ जून
वकीलबाईंचा फोन. माझं दान कायद्यात धरलं जात नाही म्हणे. दिलेल्या जमिनीचा उपभोग आपणच घेतला तर ती दिली असं होत नाही. एक तर मेंढ्या काढा, नाहीतर मुलीला बाजारभावाने भाडं द्या.
माझ्याच जमिनीचं भाडं! माझ्याच पोरीला!
नेस्टा म्हणाली, बाबा, मेंढ्या काढा. विचारलं, नेऊ कुठे? म्हणाली, माझ्या रानाच्या बाहेर कुठेही. बापाशी ही भाषा. मेंढ्या तूर्त तिथेच. सरकार कुटुंबात कशी फूट पाडतं, यावर पुढच्या भाषणात दहा मिनिटं.

५ सप्टेंबर
मॉन्टगोमेरीकडे कुणा जमीनदाराचं शेत पंधरा वर्षांच्या कराराने कसायला मिळतंय. नेस्टाने अर्ज केलाय. म्हटलं, स्वतःचं शेत सोडून दुसऱ्याकडे कूळ म्हणून राहणार? तिने विचारलं, स्वतःचं म्हणजे कोणतं, बाबा? दलदल?
नुसती धमकी आहे. अशा ती बरीच वर्षं देते.
निश्चय: नाताळात तिला चेकवर सहीचा अधिकार द्यायचा. दोघांची मिळून. आधी माझी.

२ नोव्हेंबर
नेस्टा गेली. स्वतःच्या मेंढ्या नेल्या. दोन्ही कुत्रे न बोलावता तिच्या गाडीत चढले. निघताना मी नव्हतो, ब्रेकनला सभा होती. विषय: पुढची पिढी शेतीत टिकवायची कशी. टाळ्या थांबेनात.
सकाळी मेंढ्यांमागे स्वतः धावलो. कुत्र्यांची सवय लागलीय मेंढ्यांना. माझं ऐकत नाहीत.

२३ डिसेंबर
जिंकलो! सरकार नमलं. कराची मर्यादा इतकी वाढवली की आमच्या शेताला आता झळही नाही. एम्रिसने फोन करून सांगितलं, एल्विन, बोलून बोलून दमवलंस त्यांना.
नेस्टाला लगेच फोन लावला. म्हटलं, आता परत ये. मी कधीही मेलो तरी शेत तुला अख्खं मिळेल. ती म्हणाली, अभिनंदन, बाबा. मनापासून. पण माझं इथे बरं चाललंय. तुमच्या शेताच्या हिशेबात मला नका धरू आता. फोनवर तिच्या मागून कुणीतरी तिला विचारत होतं, बाई, एडका कोणत्या कळपात सोडू? तिने लगेच सांगितलं. मला विचारलं नाही.

२९ डिसेंबर
मिसेस हॉवेल्स आल्या होत्या. म्हणाल्या, मृत्युपत्र नवं करायला हवं, नेस्टाने स्वतःचं नाव काढायला लेखी सांगितलंय. मग शेत कुणाच्या नावावर लिहू, असं विचारलं. मी खिडकीतून डोंगराकडे पाहिलं आणि म्हटलं, हा फार व्यापक प्रश्न आहे. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि त्या ऑल्वेनकडे वळल्या.
ऑल्वेन विणत होती. मान वर न करता म्हणाली, सरकारला देऊन टाका. निदान त्यांना तरी हवं होतं.