ब्रेकचा लाल दिवा

नारायणगाव, जानेवारी २००४, सोमवार संध्याकाळ

आजचं लिहून टाकतो.

लिलावात घेतलेल्या जुन्या परदेशी पिकअपचं क्रूझ चालत नव्हतं. बटण दाबलं की पाय काढला तरी गाडी एका वेगानं पळायला हवी. फ्यूज पाहिला, वायरी पाहिल्या, सगळं ठीक. मग सुचलं, ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं, म्हणजे घोळ ब्रेकच्या स्विचमध्ये असेल. मागचा लाल दिवाही त्याच स्विचवर लागतो, म्हणून कमलला, बायकोला, गाडीमागं उभं केलं आणि मी ब्रेकवर बसलो.

"दाबा की!"

"दाबलाय."

"मग लाल दिवा का लागत न्हाई?"

पुन्हा दाबला. दिवा नाहीच. कधीपासून?

कालच आईला निरगुडसरहून आणलं. पुढं घुसमटतं म्हणून ती मागं हौद्यात बसली होती. हायवेवर बैल आडवा आला, मी थांबलो, आणि मागचा ट्रक करकचत आईच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला. मी उतरून ड्रायव्हरला नाही नाही ते बोललो. तो म्हणत होता, "भाऊ, तुमी थांबताय हे कळलंच न्हाई." मला वाटलं, प्यायलाय. कळणार कसं? लाल दिवाच नव्हता! आणि आई हसत म्हणाली, "टरकाची धग लागली रं तोंडाला."

दुसऱ्या गाडीचा स्विच जमवून बसवला. कमल मागून ओरडली, "लागला!" माझा पाय ब्रेकवरून निघेना. ती दाराशी आली, हळूच म्हणाली, "अवो, लागला म्हनलं ना. उतरा आता."