मोटार रिवाइंडिंगचा टॅग

बाबा, मी आता भंडाऱ्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात नोकरीला आहे आणि केंद्राच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. तुम्ही वेबसाइट पाहिली नाहीत, म्हणून सांगते. आमचे कोर्स त्यावर मांडलेले असतात आणि प्रत्येकाला चिठ्ठीसारखे शब्द चिकटवलेले असतात. त्याला टॅग म्हणतात. 'दहावी पास' वर बोट लावलं की दहावीवाल्यांचे कोर्स समोर येतात, 'महिलांसाठी' वर लावलं की बायकांचे. मी रुजू झाले तेव्हा सगळा गोंधळ होता. एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला, जुने बंद पडलेले कोर्स तसेच लटकलेले. ते निस्तरणं एवढंच माझं काम होतं, आणि मला ते आवडायचंही.

मग करडीहून एक मुलगी आली, वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून. धानाच्या हंगामात त्यांच्या पंपाची मोटार जळते आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत बांधीतलं पीक वाळतं, म्हणून तिला जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम, म्हणजे रिवाइंडिंग, शिकायचं होतं. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. 'महिलांसाठी' खाली शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि रुग्णसेवा.

"मॅडम, मोटार रिवाइंडिंग पोरीईले चालत नाही का?"

"चालतं की. तसा काही नियम नाही."

"मंग इथं काहून नाही दिसून राहिलं?"

मला चिखल्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. खाणीतली ड्यूटी संपवून तुम्ही येता, खिडकीच्या उजेडात पेपर पसरता आणि कोणा शेजाऱ्याचा पंखा उघडून बसता. आई डाळीचं भांडं घेऊन त्या पसाऱ्यावरून पाय टाकते आणि म्हणते, "पोरीले कायले शिकवून राहिले हे?" तुम्ही तिच्याकडे लक्ष देत नाही. तांब्याची तार माझ्या हातात देता, मी वेढे घालते आणि तुम्ही म्हणता, "तुहा हात लय साफ आहे." त्याच स्वयंपाकघरात, दहावीचा निकाल लागल्यावर, मी इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला जाते म्हणाले. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. "तिथं सारे पोट्टेच रायतात. तू कॉम्प्युटर कर. पोरीईसाठी तेच बरं." मी विचारलं, मग मला शिकवलं काहून? तुम्ही म्हणालात, "घरच्या कामापुरतं." त्यानंतर तुम्ही फार दिवस जगला नाहीत, आणि तो विषय तिथेच थांबला.

मी संचालकांकडे गेले. ते म्हणाले, "त्या कोर्सला कधी मुलगी आलीच नाही, म्हणून टॅग नाही." मी म्हटलं, "टॅग नाही म्हणून कोणी येत नाही, सर." ते चिडले नाहीत, उलट शांतपणे म्हणाले, "वर्कशॉपला बायकांचं बाथरूम नाही. उद्या ती आली तर जाईल कुठं? ते तुम्ही बघणार?" मी हो म्हणाले. परत येऊन मी सगळ्याच कोर्सना 'महिलांसाठी' लावून टाकलं.

मुलीचे वडील मात्र अजून बाहेरच्या बाकावर बसून होते. "एकटी पोरगी, साऱ्या पोट्ट्यांत," ते म्हणाले. मग एकदम विचारलं, "तुमच्या बाबांनी धाडलं असतं का तुमाले?"

मी म्हणाले, "खाणीत कामाला होते ते, पण त्यांनीच तर मला हे काम शिकवलं. त्यांनी धाडलंच असतं."

त्यांनी तिला प्रवेश घेऊन दिला. ती रोज येते. बाथरूमसाठी वर्कशॉप सोडून, आवार ओलांडून, आमच्या ऑफिसच्या मजल्यावर चढते. पहिले कितीतरी दिवस वर्कशॉपचे मास्तर तिला फक्त बघत बसायला सांगत होते. एकदा ती जिन्यातच रडली. "मले मोटारीले हातच नाही लावू देत." मी मास्तरांशी भांडले. आता तिला वेगळं टेबल मिळालं आहे, पण त्या टेबलाशी तिच्यासोबत कोणी उभं राहत नाही. मी एक शब्द चिकटवला आणि त्याच्या भरवशावर ती तिथे गेली, हे माझ्या मनातून जात नाही. शिवणकामाच्या वर्गातून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो, तेव्हा वाटतं, मी हिला कुठे ढकललं?

परवा मी तिला विचारलं, सोडावंसं वाटतं का? तिने हातातली तारेची गुंडाळी खाली ठेवली नाही. "कधीकधी. पण माहे बाबा सोडू देत नाही. गावात कोणी नावं ठेवली का ते तुमच्या बाबाचंच सांगतात. खाणीतला माणूस, पण त्याने पोरीले अडवलं नाही म्हणतात."

तर बाबा, करडीत तुमची अशी ओळख झाली आहे. हे कागद मी कुठे धाडणार? फाडूनच टाकीन. तिला मी खरं सांगितलं नाही. आणि तिच्या तोंडून तुमच्याबद्दल ते ऐकताना मला इतकं बरं वाटलं की, पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी विचारलं, "आणखी काय सांगतात?"