धाविकाची अंडी

नागपूर, २ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्रासोबतचे फोटो मिळाले. तू ज्याला धाविक पक्षी म्हणतेस, तो मातीचा डाग वाटतो. पर्सएवढ्या डबीला पन्नास पट झूम असला म्हणून तिचा कॅमेरा होत नाही. अंगणवाडीतून रिटायर झाल्यावरची हौस म्हणून ठीक आहे.

तरी लहानूभाऊंच्या पडीत वावरात त्याने खरंच अंडी घातली असतील, तर रविवारी आमच्या पक्षी ग्रुपच्या राकेशला आणि आणखी दोघांना घेऊन येतो. खरी लेन्स कशी असते तेही बघशील.

लहान भावाचं बोलणं मनावर घेऊ नकोस.

तुझा
धम्मदीप

आंजी (मोठी), १० एप्रिल

चि. धम्मदीपले जयभीम अन् आशीर्वाद.

फोनवर तू मले बोलू देत नाई, म्हणून लिहून राह्यली.

तुमच्या लेन्सच्या तोफांच्या आड गवत आलं, तर राकेशनं ते उपटून टाकलं. मग चौघं अंड्यांपासून दहा हातांवर दोन तास लोळले. पाखरू उन्हात दूर उभं राहून अंड्यांकडे पाहे. मी तीनदा म्हटलं, उठा. तू म्हणाला, ताईला यातलं काही कळत नाही.

सोमवारी पाखरू आलं नाई, मंगळवारीही नाई. सावली धरायले कोणी नाई, अंडी उन्हानं तापून वाया गेली. लहानूभाऊ म्हणाले, पाखरू गेलं नाई, तुमच्या भावानं हाकललं. मी मान खाली घातली.

माह्या पोरीनं, समीक्षानं, तू टाकलेला फोटो मोबाइलवर दाखवला. खाली लिहिलं होतं, ‘निसर्गावर प्रेम’. असं प्रेम आपल्या घरात कोणी कोणावर करू नये.

मी बारा दिवस साठ पावलांवरून, वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून फोटो काढले. मातीचा डाग असंल, पण तो अंड्यांवर बसला होता.

राग आहे, माया आटली नाई.

तुझी ताई
दीपमाला

नागपूर, २४ एप्रिल

ती. ताईस,
सविनय जयभीम.

गवत राकेशने उपटलं, मी नाही. असो.

अंड्यांवर बसलेल्या धाविकाचा फोटो ग्रुपमध्ये कोणाकडेच नाही. तुझा एखादा बरा निघाला असेल तर पाठव. माझ्या नावाने देतो, तुला तिथे कोण ओळखतं? त्याने दुसरीकडे अंडी घातली असतील, तर जागाही कळव.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझा
धम्मदीप

आंजी (मोठी), १५ मे

चि. धम्मदीप,
जयभीम.

पाखरानं पुन्हा अंडी घातली. मले दिसली.

एक फोटो पाठवून राह्यली. नाव कोणाचंही टाक, पाखराले त्याचं काही नाई. झूम पुरा लावून काढला आहे. पाखरू तेवढं दिसते, वावर कोणाचं ते ओळखू येत नाई.

जेवायले कधीही येजो. एकटा येजो.

तुझी ताई
दीपमाला