वायर कुणाची?

चिंचवड, मंगळवार, १७ ऑगस्ट १९८२

आज सोपानरावांनी मला पार गार केलं. आमच्या कंपनीचे इलेक्ट्रिशियन, तळवड्याचे. कॉम्प्युटरचं बटणही कधी दाबलेलं नाही त्यांनी!

कॉम्प्युटरमध्ये यंत्रं जोडायचं नवं कार्ड बसवल्यापासून प्रिंटरांचे नंबर सरकलेत आणि स्टोअरचे कागद डिझाइनवाल्यांकडे छापले जातायत. म्हणून कोणतं यंत्र कुठे जोडलंय, हे सगळ्यांच्या प्रोग्रामना सांगणारी रुटीन्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, मी लिहितोय. तीन आठवडे नुसते नंबरांचे तक्ते आखले. गाढवच मी.

सोपानराव खाली बसून केबल चाचपत होते. म्हणाले, "सायेब, नंबर काय, बदलत्यात. वायर कुणाची हाय, येवढंच इचारा."

कुणाची! प्रिंटर कुणाचा? या कार्डाचा. कार्ड कुणाचं? ते ज्यात बसवलंय त्या लोखंडी कपाटाचं. विचारत गेलं की थेट मशीनपर्यंत पोचतो, नंबर काही का असेना. सगळे तक्ते एका प्रश्नात मावले. रुटीनचं नावही 'कुणाचा' ठेवलं. फोरट्रान या प्रोग्रामच्या भाषेत नावाला सहाच इंग्रजी अक्षरं चालतात, म्हणून सातवं कापलं.

पण तो प्रश्न मला नवा नव्हता. "तू कुणाचा रे?" शाळेत ऐकलं, भाड्याची खोली शोधताना ऐकलं. आडनावावरून जात कळली नाही की हाच प्रश्न यायचा.

सोपानराव वर्षभर माझ्याशेजारी बसून डबा खातात, माझ्या डब्यातली भाजीही घेतात. कंपनीतल्या एकूण एक वायरीला त्यांनी 'कुणाची' म्हणून विचारलंय. मला एकदाही नाही.